थंडीच्या पहाटे जीप का अडते?



गेल्या पौषातली गोष्ट. पहाटेचे साडेचार वाजले होते. शेजारच्या वस्तीवरचा मुलगा धावत आला. "काका, आईला दम लागलाय. जीप काढा लवकर!"

निफाडकडची थंडी काय असते, हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. आमची जुनी डिझेल जीप रात्रभर उघड्या अंगणात उभी होती. चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, पण इंजिन काही पेटेना. मागून नुसता पांढरा धूर. शेवटी पाच जणांनी उतारावर ढकलली, तेव्हा कुठे सुरू झाली. वहिनी दवाखान्यात वेळेवर पोचल्या आणि आज चांगल्या आहेत. पण तो अर्धा तास आठवला की अजून अंगावर काटा येतो.

वाईट याचे वाटले की, महिनाभर आधीपासून जीप सकाळी कुरकुरत होती आणि बॅटरी गेली असे समजून मी नवी बॅटरी आणली होती. दोष बॅटरीत नव्हताच. चारपैकी तीन हीटर प्लग जळलेले होते!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत ओढलेली हवा साधारण वीस पट दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. थंडीत इंजिनाचे गार लोखंड ही उष्णता शोषून घेते. म्हणून जुन्या जीपच्या पुष्कळ इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. वैशाखात प्लग जळाला तरी गाडी सुरू होते, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. थंडी बिघाड करते असे नाही. आधीच झालेला बिघाड ती उघडा पाडते.

तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, स्टार्टर मारा आणि एकाला मागे धूर पाहायला उभे करा.

१) नुसता 'टक्' आवाज आला किंवा इंजिन रडतखडत फिरले, तर बॅटरीकडे पाहा. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनाचे तेल घट्ट होते. चांगली भरलेली बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ दाखवले तर ती निम्मी उतरली आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी निगेटिव्ह वायर सोडवा, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून काढा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वायरी घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडा. इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टीही साफ करा. बॅटरीत विहिरीचे पाणी कधीही घालू नका, डिस्टिल्ड वॉटरच घाला.

२) इंजिन जोरात फिरते, पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. रात्रीत कुठल्या तरी सैल जोडातून हवा शिरली असेल. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळा. फिल्टरच्या तळाला साचलेले पाणीही काढा.

३) जोरात फिरते आणि पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही. येथे हीटर प्लग तपासा. प्लगांना जोडणारी पट्टी काढा. १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी प्लगच्या टोकाला लावा. बल्ब पेटला नाही तर तो प्लग जळाला. सगळे प्लग चांगले निघाले, तर हीटर चालू करून प्लगांकडे येणाऱ्या वायरीत करंट आहे का पाहा. तोही असेल तर कॉम्प्रेशनची शंका. मग मेकॅनिकच हवा. काही फार जुन्या इंजिनांत प्लग एकापाठोपाठ जोडलेले असतात. तेथे एक जळाला की सगळेच थंड पडतात. त्यांची तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्यावी.

दोन गोष्टी मात्र करू नका. एअर क्लीनरमध्ये पेट्रोल किंवा ईथर मारू नका; तापलेल्या हीटर प्लगजवळ त्याचा भडका उडून इंजिन फुटू शकते. आणि इंजिनाखाली चिंध्या पेटवू नका. स्टार्टरही एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की एक सकाळ गाडीसाठी काढा. बल्ब आणि दोन वायरी एवढेच सामान लागते. आमच्या घरी आता हे काम थोरली मुलगी करते आणि प्लग तपासल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवते. कोणाच्या दारात कधी पहाटे हाक येईल, सांगता येत नाही.