‘आई आज वेगळीच वाटतेय’ हेही लक्षणच आहे

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेतील नर्सिंग होममधल्या भेटी जवळपास बंद झाल्या. त्या पूर्ववत व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. इंग्लंडने तर ६ एप्रिल २०२४ पासून नियमच केला, की अपवादात्मक कारणाशिवाय केअर होमला भेट नाकारता येणार नाही. याबाबतची चर्चा बहुतेक एकटेपणाभोवती फिरते. डॉक्टर म्हणून मला दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची वाटते. भेटायला आलेली लेक किंवा सून आजार लवकर पकडते.

उतारवयात न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही. दिसते एवढेच, की जेवण ताटात उरते, गप्पा कमी होतात, एकट्याने बाथरूमला जाणारे आजोबा हात मागू लागतात. पाळीनुसार बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांना ‘एरवी कसे असतात’ हे ठाऊक असेलच असे नाही. तुम्हाला असते. अमेरिकेत यासाठी ‘स्टॉप अँड वॉच’ नावाचा साधा तक्ता वापरतात. त्यात मशीनचा एकही आकडा नाही. बोलणे, खाणे-पिणे, वजन, वेदना, अस्वस्थता, त्वचेचा रंग, तीन दिवस शौचाला न होणे, अशाच गोष्टी आहेत.

सर्वांत जास्त निसटतो तो अचानक आलेला गोंधळ, म्हणजे डिलिरियम. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत भान बदलले, तर ‘वयच झालंय’ किंवा ‘विसराळूपणा वाढला’ यावर समाधान मानू नका. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. गुंगीत शांत पडून राहणारा मात्र ‘आज त्रास देत नाही’ म्हणून राहून जातो. संसर्ग, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, नवे औषध, कारण यांपैकी काहीही असू शकते. प्रत्येक वेळी लघवीच्या संसर्गावर खापर फोडणेही चूकच, कारण अनेक वृद्धांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात.

सांगताना ‘बरं वाटत नाही’ असे मोघम नको. ‘मंगळवारपर्यंत दोन पोळ्या खायची, काल अर्धीच, आज मला ओळखायला वेळ लागला’ असे सांगा. डॉक्टरांना कधी कळवले, तेही विचारा. मुले परदेशी आणि आई पुण्याच्या वृद्धाश्रमात असेल, तर व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळी लावा, ताट दिसते.

तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, धाप लागणे किंवा हाक मारूनही जाग न येणे दिसले, तर निरोपानिरोपीत वेळ न घालवता लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगा. महाराष्ट्रात १०८.