तीन दिवसांचे पुरळ

माझ्या मावसबहिणीला 1990 साली तिसरा महिना होता, तेव्हा अंगावर बारीक पुरळ उठले. थोडी कणकण, कानामागे गाठी. तीन दिवसांत सगळे विरले. घामोळे असेल म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मुलगा झाला, चांगला बाळसेदार. पण दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना. "अगं, याचा बापसुद्धा उशिराच बोलला," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनीही वाट पाहायला सांगितले. कान तपासले तेव्हा पोर साडेतीन वर्षांचे होते. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. मग ग्रहणात हिने काय चिरले, याची घरात उजळणी सुरू झाली!

पुरळाचे तज्ज्ञांनी खोदून विचारले, तेव्हा तिला आठवले. तो रुबेला, म्हणजे जर्मन गोवर असावा, असे त्यांचे मत पडले. यात नवे काहीच नव्हते. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्येच जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांचा संबंध आईला गरोदरपणी झालेल्या या आजाराशी जोडला होता. पहिल्या बारा आठवड्यांतला संसर्ग सर्वांत घातक. डोळे, हृदय, कान, कधी मेंदूही सापडतो. अमेरिकेत 1969 मध्ये लस आली. आपल्या सरकारी लसीकरणात ती यायला 2017 उजाडले, महाराष्ट्रातली मोहीम तर नोव्हेंबर 2018 ची. तोवर आमचा भाचा सत्तावीस वर्षांचा झाला होता.

लस पुढच्या बाळांना वाचवील, आणि तिच्याविषयी अफवा पसरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण लसीवर थांबून चालणार नाही. कित्येक बायकांना रुबेला होऊन गेल्याचे कळतही नाही, पुरळसुद्धा उठत नाही. तेव्हा आईला विचारून भागत नाही, बाळाचेच कान पाहावे लागतात. झोपलेल्या बाळाची ही तपासणी काही मिनिटांची. ती प्रत्येक प्रसूतिगृहात व्हावी, आणि पुढेही पुन्हा व्हावी, कारण रुबेलाचे बहिरेपण कधी जन्मानंतरही उमटते. भाषा रुजते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. यंत्राने असो वा खुणांनी, ती तेव्हाच मिळायला हवी. भाच्याला यंत्र मिळाले चौथ्या वर्षी.

मागच्या ग्रहणाला त्याच घरातली एक सून गरोदर होती. सुरी-विळी लपवायला चौघीजणी धावल्या. बाळंतपण जिथे व्हायचे, तिथे बाळाचे कान तपासतात का, हे एकीनेही विचारले नाही.