शेवटच्या एपिसोडनंतर जेवायचं कुणाबरोबर?

मागच्या मंगळवारी रात्री सव्वाअकराला ‘फ्रेंड्स’ संपली. म्हणजे जगासाठी ती ६ मे २००४ लाच संपली होती, माझ्यासाठी आत्ता संपली. मोनिकाच्या रिकाम्या घरात सहाही जणांनी आपापल्या चाव्या काढून ठेवल्या, कॉफी प्यायला बाहेर पडले, त्या जांभळ्या भिंती तेवढ्या उरल्या... आणि मी चक्क नाक पुसत बसले!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या डेस्कवरून प्रश्न आला, “बरं नाहीये का?” आता काय सांगणार? न्यूयॉर्कमधल्या, मुळात नसलेल्याच सहा जणांनी घर सोडलं म्हणून? “सर्दी झालीय,” म्हटलं.

हसू नका मंडळी. या दुःखावर रीतसर संशोधन झालंय. केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन या अभ्यासकांनी ‘फ्रेंड्स’चा शेवटचा भाग दाखवल्यानंतर २७९ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. लाडक्या पात्राशी नातं जितकं घट्ट, तितका हा ‘ब्रेकअप’ जड जातो. हे आपल्यालाही सांगता आलं असतं. पण यादीत खाली आणखी एक कारण होतं. एकटेपणा. ते वाचलं आणि चोरी पकडल्यासारखं झालं.

कारण ही सीरियल मी एकटीने सुरूच केली नव्हती. कोथरूडच्या फ्लॅटवर मी आणि माझी रूममेट, रोज रात्री एक एपिसोड. साधारण बावीस मिनिटांचा. वरणभाताचं ताट बरोबर तेवढ्यात संपतं. लोणच्यासाठी कुणी उठलं तर पॉज करायचं, हा घरातला एकमेव नियम. सातव्या सीझनच्या शेवटी मोनिका-चँडलरचं लग्न लागलं आणि त्याच आठवड्यात तिला बेंगळुरूची ऑफर आली. “उरलेले तीन सीझन मिळूनच बघायचे हं,” असं बसस्टॉपवर ठरलं. महिनाभर मी थांबले. मग एकदा नुसतं ताट समोर घेऊन बसवेना, आणि लावला आठवा सीझन. तिला न सांगता.

उपाय म्हणाल तर सगळे करून झाले. लगेच दुसरी सीरियल सुरू केली. दुसऱ्याच भागात बंद केली. बिचारीची चूक एवढीच की ती ‘फ्रेंड्स’ नव्हती. मग पुन्हा पहिल्यापासून लावली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅथ्यू पेरी गेला, तेव्हापासून चँडलरच्या विनोदावर हसताना मध्येच काहीतरी अडकतं. (२०२१ चं रियुनियनही बघून घेतलं. ते बघून दुःख कमी होतं असं म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.) दोन दिवस पुस्तक वाचत जेवले. पुस्तकाला वरणाचे डाग पडले, बाकी फरक शून्य.

शेवटी शुक्रवारी फोन लावला. आधी हवापाणी, बॉस, तिथलं भाडं. मग एका दमात सांगून टाकलं, “ऐक, मी फ्रेंड्स संपवली. एकटीने. सॉरी.”

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग हळूच, “अगं... मी तर इथे आले त्याच महिन्यात संपवली. रोज चार-चार एपिसोड. तुला सांगायची हिंमतच नाही झाली.”

हलकट!

रडलीस का, विचारलं. तर म्हणे, चाव्यांच्या सीनला ताट तसंच ठेवून उठले.

आता रविवारी रात्री साडेआठ. आठवा सीझन, पहिला एपिसोड. भात झाला की मी मिस्ड कॉल द्यायचा आणि दोघींनी एकदम प्ले दाबायचं. लोणच्याचा नियम तोच.