शेजारी कुणी लिहीत असेल तर

१९९९च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बॅटी आणि त्याची मित्रमंडळी, सगळे मिळून २१ जण, महिन्याभरात कादंबरी लिहायची म्हणून बसले. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात गेला आणि ‘नॅनोरायमो’ या नावाने जगभर पसरला. अट एकच: ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज साधारण १,६६७. मला या आकड्यापेक्षा सोबत मोलाची वाटते. पहिला उत्साह आठवडाभर पुरतो. मग पात्रं अडून बसतात, कथानक फसतं आणि वही कपाटात जाते. अशा वेळी ग्रंथालयात किंवा कॅफेत शेजारी चार जण आपापलं लिहीत असले, की उठून जाववत नाही. ते मजकूर तपासत नाहीत, सल्ले देत नाहीत. ‘आज किती झालं?’ एवढंच विचारतात. कच्च्या खर्ड्याला समीक्षेपेक्षा या विचारपुशीचीच गरज असते, असं माझं ठाम मत आहे. समीक्षेची वेळ नंतर येते: एरिन मॉर्गनस्टर्नच्या ‘द नाइट सर्कस’ या कादंबरीचा पहिला खर्डा याच उपक्रमाच्या नोव्हेंबरांतला, पण ती छापली गेली २०११मध्ये, बऱ्याच पुनर्लेखनानंतर. उपक्रम चालवणारी संस्था बंद होत असल्याचं २०२५मध्ये जाहीर झालं. लिहिणाऱ्यांनी मात्र आपापल्या गावातल्या वाचनालयात संध्याकाळी एक टेबल मागून घ्यावं.