आभासी जमिनीचे उपरे मालक

जमीन विकत घेणे हा माणसाच्या आयुष्यातील सर्वांत जुना आणि सर्वांत जोखमीचा व्यवहार समजला जातो. गावाकडचा अशिक्षित शेतकरीही जमीन घेताना चतुःसीमा पाहतो, सात-बाराचा उतारा काढून आणतो, भाऊबंदांची कुरबूर नाही ना याची चौकशी करतो आणि मगच इसाराची रक्कम पुढे करतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र जगातील हजारो सुशिक्षित माणसांनी अशी जमीन विकत घेतली की, जिच्यावर पाय ठेवता येत नाही आणि जिची मोजणी, आकारणी, मालकीची नोंद व वादाचा निवाडा ही चारही कामे जमीन विकणाऱ्याच्याच हाती आहेत. संगणकाच्या पडद्यावरील या जमिनीला जमीन म्हणावे की नाही, हा प्रश्न हसण्यावारी नेता येईल. पण तिच्यासाठी मोजलेला पैसा खरा आहे आणि तिच्यावर केलेले कष्टही खरे आहेत. म्हणूनच पैसे घेताना ‘विक्री’ हा शब्द वापरणाऱ्याने नेमके काय विकले, हे विचारणे भाग आहे.

या व्यवहाराचा सर्वांत दीर्घ इतिहास ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाचा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘लिंडेन लॅब’ या कंपनीने ते २३ जून २००३ रोजी सर्वांना खुले केले आणि ते आजही चालू आहे. इंटरनेटवरून तेथे जाणारा माणूस एक काल्पनिक देह धारण करतो, इतरांशी बोलतो, घर बांधतो, दुकान मांडतो. तेथे हारजीत नसते, म्हणून येणाऱ्याला खेळाडू न म्हणता रहिवासी म्हणतात. तेथील घरे, बागा, कपडे आणि पूल यांपैकी बहुतेक सारे रहिवाशांनीच घडविलेले आहे. आरंभी कंपनीने या घडविलेल्या वस्तूंवर कर बसविला होता. तेव्हा, २००३ मध्येच, रहिवाशांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा वेश घेऊन आणि चहाच्या पेट्यांचे ढीग रचून त्याविरुद्ध बंड पुकारले. कंपनीने शहाणपणाने माघार घेतली. वस्तूंवरील कर गेला आणि त्याच्या जागी जमीन विकून तिच्यावर मासिक आकार घेण्याची पद्धत आली. रहिवाशाने जे निर्माण केले त्याचे बौद्धिक हक्क त्याचेच राहतील, अशी ग्वाहीही त्याच वर्षी देण्यात आली. या ग्वाहीवर आणि जमिनीच्या मालकीच्या जाहिरातींवर त्या जगाची सारी भरभराट उभी राहिली.

ही जमीन म्हणजे वस्तुतः कंपनीच्या संगणकाच्या शक्तीचा एक वाटा होय. तेथील एक पूर्ण प्रदेश प्रत्येक बाजूस २५६ मीटर, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटरांचा असतो. परंतु हे मीटर नावापुरतेच. जमिनीची खरी किंमत तिच्यावर किती वस्तू ठेवता येतात यावर ठरते. दीर्घकाळ एका पूर्ण प्रदेशाला १५,००० मूळ घटकांची मर्यादा होती, आणि हीच त्या मातीची सुपीकता म्हणावयाची. २००६ च्या नोव्हेंबरात नव्या खासगी बेटाची किंमत १,२५० डॉलरवरून १,६७५ डॉलरवर आणि मासिक आकार १९५ वरून २९५ डॉलरवर नेण्यात आला. संगणक चालविण्यास खर्च येतो आणि तो भरून काढण्यास आकार घ्यावा लागतो, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या वस्तूची पूर्ण किंमत मोजल्यावरही दरमहा ठरलेली रक्कम भरली नाही तर ती वस्तूच हातची जाते, त्या वस्तूच्या व्यवहाराला जगातील कोणत्याही भाषेत भाडेपट्टा म्हणतात.

या भाडेपट्ट्याच्या पोटात दुसरा भाडेपट्टा निर्माण झाला, हेही स्वाभाविकच होते. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्रेफ या बाईंनी ‘अँशी चुंग’ या नावाने त्या जगात प्रवेश केला. घाऊक दराने प्रदेश घ्यावेत, तेथे डोंगर, किनारे, वनराई रचावी, तुकडे पाडावेत आणि ते भाड्याने द्यावेत, असा त्यांचा धंदा होता. २००६ च्या मे महिन्यात ‘बिझनेस वीक’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्यांच्या आभासी रूपाला मुखपृष्ठावर स्थान दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या आभासी मालमत्तेचे मोल दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचे त्यांनी जाहीर केले. आरंभीची गुंतवणूक अवघी ९.९५ डॉलर होती, असे सांगण्यात आले. त्यांच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र या यशोगाथेच्या प्रकाशात त्यांच्यासारख्या जमीनदारांकडून तुकडे घेणारे असंख्य भाडेकरू कोणाच्या नजरेस पडले नाहीत. वरच्या जमीनदाराने कंपनीचा आकार थकविला तर कंपनी प्रदेश परत घेते आणि वेळेवर भाडे भरणाऱ्या पोटकुळाचे घरही त्याबरोबर नाहीसे होते. जमीनदाराने ‘विकलेला’ तुकडाही त्याला काढून घेता येतो. दाद मागावी तर रहिवाशांमधील जमिनीच्या वादात आपण पडत नाही, हे कंपनीचे धोरण आहे. ज्याची सत्ता सर्वत्र चालते त्याने नेमक्या याच ठिकाणी तटस्थ राहावे, हा या व्यवस्थेतील न्याय!

भूमीचे मोल ती वाढविता येत नाही म्हणून असते. येथे मात्र विक्रेता वाटेल तेव्हा नवे बेट समुद्रातून वर काढू शकतो. २००८ मध्ये कंपनीने नव्या बेटाची किंमत १,६७५ डॉलरवरून १,००० डॉलरवर आणली. त्यामुळे ज्यांनी आदल्या वर्षी जुन्या भावाने बेट घेतले होते त्यांच्या मालमत्तेचे मोल एका घोषणेने उतरले. त्याच वर्षी मोकळ्या जागेसाठी स्वस्त प्रदेश देण्यात आले, लोकांनी ते मोठ्या संख्येने घेतले आणि ऑक्टोबरात त्यांचा मासिक आकार ७५ डॉलरवरून १२५ डॉलर करण्याचे जाहीर झाले. लोक या प्रदेशांचा ठरल्यापेक्षा अधिक वापर करतात, हे कंपनीचे कारण अगदीच खोटे नव्हते. पण ते प्रदेश विकताना कंपनीने आवर घातला नाही आणि पुढे त्याचा भुर्दंड घेणाऱ्यांवर टाकला. २०१० च्या ऑक्टोबरात शिक्षणसंस्था आणि धर्मादाय संस्था यांना मिळणारी निम्म्या आकाराची सवलत पुढील जानेवारीपासून बंद करण्याची घोषणा झाली. अनेक विद्यापीठांनी तेथील आपले प्रांगण आवरते घेतले. २०१३ मध्ये ती सवलत पुन्हा आली, परंतु तोपर्यंत पुष्कळजण निघून गेले होते. या प्रत्येक निर्णयाचे व्यापारी समर्थन करता येईल. मात्र ज्याला ‘मालक’ म्हटले जात होते त्याची संमती यांपैकी एकाही निर्णयात आवश्यक मानली गेली नाही.

हा प्रश्न न्यायालयातही गेला. पेनसिल्व्हानियातील मार्क ब्रॅग या वकिलांनी २००६ मध्ये एक प्रदेश लिलावात ३०० डॉलरला घेतला. लिलाव सर्वांना खुला होण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची गैरवाट त्यांनी वापरली, असे कंपनीचे म्हणणे होते. कंपनीने तो एक प्रदेश परत घेऊन भागविले नाही. तिने त्यांचे खातेच बंद केले आणि त्यांची इतर आभासी मालमत्ताही त्यात अडकली. ब्रॅग यांचे वर्तन बरोबर होते की नाही, हा वेगळा मुद्दा. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असावा काय, हा त्यातील खरा प्रश्न होता. संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश एडुआर्डो रोब्रेनो यांनी ३० मे २००७ रोजी कंपनीची लवादाची सक्ती अमान्य केली आणि ती अट एकतर्फी व अन्यायकारक ठरविली. त्याच वर्षी हा दावा तडजोडीने मिटला. पुढे २०१० मध्ये दुसरा सामूहिक दावा उभा राहिला. आधी मालकीची जाहिरात करावयाची आणि नंतर अटी बदलून त्या मालकीला केवळ परवाना म्हणावयाचे, अशी त्यातील तक्रार होती. तोही अखेर तडजोडीने मिटला. दोन्ही दाव्यांत काहींना भरपाई मिळाली असेल, पण आभासी जमिनीचा घेणारा मालक की कूळ, या मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

महाराष्ट्राच्या जुन्या ग्रामव्यवस्थेत या स्थितीला नेमका शब्द होता. गावात जमीन कसणारे मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे असत. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन तो आपल्या शेतावर हक्क सांगू शके. उपरी हा बाहेरून आलेला, ठरलेल्या मुदतीपुरता जमीन कसणारा आणि मुदत संपताच निघून जाणारा. ‘सेकंड लाइफ’मध्ये मिरासदाराची किंमत वसूल केली जाते आणि हक्क मात्र उपऱ्याचे दिले जातात. कोकणातील खोताचे कूळ किंवा देशावरचा भूमिहीन यांच्या भाकरीच्या प्रश्नाशी संगणकावरील बेटाची तुलना कोणी करणार नाही. तसे करणे त्या कष्टकऱ्यांचा अवमान ठरेल. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या लढ्यांतून एक धडा मिळतो. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने आणि १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने एक तत्त्व प्रस्थापित केले. दुसऱ्याच्या जमिनीवर कष्ट घालणाऱ्याला काही हक्क असतात, आणि ते जमीनदाराच्या मर्जीने दिलेल्या कागदावर अवलंबून नसतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, ही सारी हौस आहे, कोणी कोणावर सक्ती केलेली नाही, अटी वाचून सही करणाऱ्याने तक्रार करू नये. हौस म्हणून केलेल्या खरेदीला कायद्याचे संरक्षण नसते, असा नियम कोठे आहे? शिवाय तेथे केवळ हौसच नांदते असेही नाही. अमेरिकन कर्करोग संस्थेसाठी २००५ पासून तेथे दरवर्षी निधी गोळा होतो. अपंगांनी एकमेकांना आधार देण्यासाठी तेथे वसती केली आहे. ज्याला घराचा उंबरठा ओलांडणे अवघड, त्याला तेथे मित्रमंडळ मिळते. अशा माणसाने दहा वर्षे घडविलेले घर आणि त्याभोवती जमलेला शेजार उचलून दुसऱ्या कंपनीच्या जगात नेता येत नाही. बाजारात न पटलेले दुकान सोडून दुसऱ्या दुकानात जाणे आणि स्वतः बांधलेले गाव सोडून जाणे, यांतील अंतर ‘सक्ती कोठे आहे’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

२०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुकच्या कंपनीने ‘मेटा’ हे नाव धारण केले आणि आभासी जमिनीची दुसरी लाट आली. आता मालकीची नोंद कोणा एका कंपनीच्या दप्तरात न राहता ब्लॉकचेनच्या सार्वजनिक वहीत राहील, त्यामुळे ती कोणी खोडू शकणार नाही, असे सांगण्यात आले. ‘डिसेंट्रालँड’मध्ये सोळा मीटरच्या चौकोनांचा ११६ तुकड्यांचा एक भूखंड त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमारे २४ लाख डॉलरला गेला. त्यानंतर हे भाव कोसळले. नोंद खोडली जात नाही हे खरेच, पण शिवार ओस पडले तर नुसता सात-बारा छातीशी धरून काय करावयाचे? भारत सरकारने मात्र या मालमत्तेची दखल तत्परतेने घेतली. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला. खरेदीच्या किमतीखेरीज कोणतीही वजावट नाही आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. कर घेताना ती मालमत्ता आणि संरक्षण देताना तो खेळ, ही भूमिका कोणत्याही सरकारला फार काळ शोभणार नाही.

यासाठी नवे भूमिशास्त्र रचण्याची गरज नाही. ज्या व्यवहारात दरमहा आकार देणे बंधनकारक आहे त्याला ‘विक्री’ किंवा ‘मालकी’ म्हणण्यास ग्राहक कायद्याने बंदी करावी. आकार वाढविण्यापूर्वी पुरेशी मुदत द्यावी. ताबा काढून घेताना कारण लेखी सांगावे आणि एका गैरव्यवहारासाठी सारी मालमत्ता जप्त करू नये. वरच्या जमीनदाराने पैसे थकविले तर नियमित भाडे भरणाऱ्या पोटकुळास तीच जागा थेट कंपनीकडून घेण्याची संधी मिळावी. रहिवाशाने स्वतः घडविलेल्या वस्तूंची प्रत त्याला बरोबर नेता यावी. आणि वाद झाल्यास निवाडा करणारा कंपनीच्या पगारावरचा नसावा. यांतील एकही मागणी आभासी जग बुडवील अशी नाही. उलट ज्या गावात कुळाला उद्याची शाश्वती असते त्याच गावात तो झाड लावतो, हे जमीनदारांनाही अनुभवाने कळले आहे. लिंडेन लॅबचे जग दोन दशकांवर टिकले ते कंपनीच्या यंत्रांइतकेच तेथील रहिवाशांच्या कष्टावर. त्यांना मालक म्हणून गौरविले नाही तरी चालेल, पण निदान कुळाचे हक्क तरी त्यांच्या पदरात पडले पाहिजेत.