शिकलेल्या हातांशिवाय यंत्र अपुरे

कोरोनाच्या साथीचा हिशेब मांडताना एक निष्कर्ष हमखास काढला जातो: यंत्रे कमी पडली म्हणून माणसे गेली, तेव्हा पुढची साथ येण्याआधी व्हेंटिलेटर, मॉनिटर, ऑक्सिजन प्रकल्प घेऊन ठेवा. यात तथ्य आहेच. एप्रिल 2021 मध्ये एका सिलिंडरसाठी ज्यांनी रात्र रात्र वणवण केली, त्यांना टंचाई म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायला नको. पण हे अर्धेच सत्य आहे. आरोग्याचे सारे धोरण एवढ्यावरच उभे केले, तर पुढच्या साथीत नव्या कोऱ्या यंत्रांशेजारी माणसे मरतील.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेच पाहा. बोट गार पडले असेल, नखावर रंग किंवा गडद मेंदी असेल, हात हलत असेल, तर आकडा फसवतो. मनगटावर हाताने मोजलेली नाडी आणि पडद्यावर दिसणारी नाडी जुळते का, हे पाहावे लागते. बसलेल्या रुग्णाचा आकडा कधी 96 असतो; त्यालाच सहा मिनिटे चालवले की तो 91 वर उतरतो. खरा धोका तिथे कळतो. हे माहीत असलेली आशाताई रुग्णाला वेळेवर दवाखान्यात पाठवते. नुसताच आकडा वहीत उतरवायला सांगितलेली कार्यकर्ती त्याला घरीच ठेवते. ऑक्सिमीटर दोघींकडे एकच असतो.

माणसांना शिकवा म्हटले की पहिला आक्षेप येतो वेळेचा: साथीच्या धामधुमीत शिकवायचे कधी? त्याला इतिहासाने उत्तर दिले आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयाकडे श्वास देणारे एक ‘लोखंडी फुफ्फुस’ आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे होती. श्वास बंद पडू लागलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा, असा मार्ग काढला. सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून हे काम केले आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची परंपरा तिथूनच मानली जाते. ऐन साथीत शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. मात्र त्या विद्यार्थ्यांना शरीराची ओळख आधीपासून होती, हेही विसरू नये. पाया शांततेच्या काळातच घालावा लागतो.

दुसरा आक्षेप कुवतीचा: खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना हे झेपणार नाही. हा आक्षेप गडचिरोलीने केव्हाच खोडून काढला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळ तपासणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इंजेक्शन देणे, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे शिकवले. 39 गावांतल्या या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: नवजात मृत्यूदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता. उणीव त्या बायकांच्या कुवतीत नव्हती. आजवर उणीव राहिली ती शिकवणाऱ्यांच्या चिकाटीत.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा: आता दूरसल्ला आहे, अ‍ॅप आहे; तज्ज्ञ पडद्यावर भेटेल, मग गावात प्रशिक्षण कशाला? एप्रिल 2020 मध्ये ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. तिचा उपयोग मोठा आहे, तिला कोणी नाके मुरडू नयेत. पण पलीकडचा डॉक्टर विचारणार, मिनिटाला श्वास किती, बरगड्यांखाली खळगा पडतो का, ओठ निळसर आहेत का. त्याची उत्तरे अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाच द्यावी लागतात. त्याला ती देता येत नसतील, तर तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी तो अंधारात तीर मारणार.

उलट बाजूचाही एक धोका आहे. औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला केंद्राकडून मिळालेल्या व्हेंटिलेटरांचा वाद 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. यंत्रे सदोष आहेत, असे रुग्णालय सांगत होते. चालवणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नाही, असे केंद्राकडून सांगितले जात होते. प्रशिक्षणाचा मुद्दा निकृष्ट यंत्रावर पांघरूण घालायला वापरला जाता कामा नये. आधीच शिकून तयार झालेला कर्मचारी असेल, तर दोष यंत्राचा की हाताळणीचा हे पहिल्याच दिवशी ठरते. म्हणून चांगल्या यंत्राचा आग्रह धरणाऱ्यांनीच प्रशिक्षणाचा आग्रह आधी धरायला हवा.

आता हे प्रत्यक्षात कसे आणायचे ते. कोरोनाच्या साथीत नंदुरबारमध्ये ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या गेल्या. मास्क नीट बसला आहे का, नळी गळते का, जेवताना किंवा शौचाला जाताना प्रवाह चालूच राहिला का, सुधारलेल्या रुग्णाचा प्रवाह कमी करता येईल का, हे त्या पाहत फिरत. नाकातून जोराने ऑक्सिजन देणारे यंत्र मिनिटाला 60 लिटरपर्यंत वायू ओढते; तिथे अशी जाणती नजर म्हणजे दुसऱ्या खाटेवरच्या रुग्णाचा प्राणवायू.

याच वाटेने धोरण आखावे. जिच्यात प्रशिक्षण आणि देखभाल लिहिलेली नसेल, ती खरेदीची निविदा मंजूर करू नये. दर सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णालयात खाटेपाशी सराव व्हावा. नुसती चित्रफीत दाखवून हजेरीच्या सह्या घेऊ नयेत. प्रत्येक जिल्ह्यात यंत्रे दुरुस्त करणारे अभियंते कायम नेमावेत. आशांच्या शिकण्याच्या तासांचे पैसे त्यांना मिळावेत, कारण तेही कामच आहे. यंत्राच्या उद्घाटनाची फीत कापली जाते, तशी प्रशिक्षणाची कापता येत नाही, म्हणून ते मागे पडते. ते पुढे आणणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते मागणे हा आपला हक्क.