घर बांधा, पण भांडवल मोडून नव्हे

हिवरा आश्रम-मेहकर भागातील आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू घर बांधताना आधी दर्शनी भागाचा विचार करतात. आमचे मत वेगळे आहे. इथली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून पहिला पैसा पायात घालावा. मुरूम लागेपर्यंत खोदावे. आज दोनच खोल्या बांधाव्यात. नकाशात जिना व वरच्या मजल्याची सोय ठेवावी. लग्नसराईच्या मालाचे पैसे स्लॅबमध्ये अडकले की माल उधारीवर येतो आणि पाठोपाठ व्याजाचे कर्ज. राहत्या घरावर जकात नाही, विक्रीच्या मालावर २.५ टक्के आहे. पण चूल पेटते ती त्याच मालावर. तेव्हा बंधूंनो, घर नफ्यातून उभारा. बरकत त्यातच आहे.